नोकरी सांभाळून बी.एड.: आधी हजेरीचा हिशेब मांडा

साखर कारखान्याच्या लॅबमध्ये मी हंगामी केमिस्ट होतो. बी.एस्सी. झाल्यावर चिकटलो आणि नऊ हंगाम तिथंच काढले. ३१व्या वर्षी बी.एड.ला प्रवेश घेतला आणि २०१९ मध्ये पदवी हातात आली. आज नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. तेव्हापासून ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले लोक फोन करतात. कोणी बँकेत आहे, कोणी मेडिकल दुकानात, कोणी इंग्रजी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवतंय. सगळ्यांचा प्रश्न एकच: "नोकरी करता करता बी.एड. होतं का हो?"

होतं. अभ्यास होऊन जातो, कारण पदवी मिळवलेल्या माणसाला तो झेपण्यासारखा आहे. घोडं अडतं ते हजेरीपाशी. म्हणून फोनवर जे सांगतो तेच इथं क्रमानं लिहितो.

कोणत्या वर्गाला शिकवायचंय, ते आधी

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात आणि मग हळहळतात. पहिली ते पाचवीला शिकवायची इच्छा असेल तर बी.एड. करू नका. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्राथमिकच्या या वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही. तिथं डी.एल.एड. लागतं, म्हणजे आपण अजूनही ज्याला डी.एड. म्हणतो ते. बारावीनंतरचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम. त्याला सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, नाही; गुणांवर प्रवेश मिळतो.

सहावी ते आठवीसाठी पदवी, बी.एड. आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड. अकरावी-बारावीसाठी त्याच विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. तुम्ही एम.एस्सी. किंवा एम.ए. असाल तर ज्युनिअर कॉलेजचं दार आपोआप किलकिलं होतं, हे विसरू नका. माझं एम.एस्सी. नाही. त्याची चुटपुट आजही आहे.

आणखी एक हिशेब वयाचा. बी.एड. कोणत्याही वयात करता येतं, भरतीचं तसं नाही. राज्याच्या सरकारी भरतीत खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही मर्यादा चालते. दोन वर्षं अभ्यासक्रमाची आणि पुढं भरतीची वाट बघण्याची, ती किती ते कोणाच्याच हातात नाही. ३६व्या वर्षी सुरुवात करणाऱ्यानं डोळ्यांसमोर खासगी शाळा ठेवूनच सुरुवात करावी.

दारं तीन, त्यातलं एक बंदच ठेवायचं

पहिलं दार मुक्त विद्यापीठाचं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं, आणि त्याच्या बी.एड.नं कितीतरी गुरुजींना आणि बाईंना नोकरी न सोडता पदवी दिली. पण हे दार सगळ्यांसाठी नाही. दूरशिक्षणाचं बी.एड. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या, २०१४ च्या नियमांनुसार चालतं. त्यात प्रवेश कोणाला, तर सेवेत असलेल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांना, किंवा एनसीटीईची मान्यता असलेला शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून पूर्ण केलेल्यांना. थोडक्यात, हातात डी.एड. असेल तर विचार करा. दिल्लीच्या इग्नूचं बी.एड.ही याच चौकटीतलं, फक्त ते हिंदी किंवा इंग्रजीतून करावं लागतं. दूरशिक्षणात किमान दोन वर्षं लागतात आणि पूर्ण करायला पाच वर्षांपर्यंत मुभा असते. जिल्हा परिषदेच्या शाळेतला माणूस संपर्कसत्रं सांभाळत ते निभावतो.

बँकेतला, कारखान्यातला, दुकानातला पदवीधर मात्र तिथं बसत नाही. दर वर्षी कोणीतरी "घरबसल्या बी.एड." अशी जाहिरात दाखवतो आणि मला हे पुन्हा सांगावं लागतं.

दुसरं दार नियमित बी.एड.चं. दोन वर्षं, रोज कॉलेज. बहुतेकांना हेच लागू. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी.

तिसरं दार बंद ठेवायचं. त्याला बाजारात 'नॉन-अटेंडिंग' म्हणतात. मलाही एकानं गाठलं होतं. चहाच्या टपरीवर बसून तो म्हणाला, "वर्षातनं चार-पाच वेळा या, सह्या करा, पाठांचं आम्ही बघतो." पैसे त्यानं फीच्या वर सांगितले. मी मोहात पडलो नाही असं म्हणणार नाही. दोन रात्री विचार केला. मग आमच्या लॅबमधल्या एका जुन्या सहकाऱ्यानं साधा प्रश्न विचारला, "दोन्हीकडच्या मस्टरवर एकाच वेळी सही कशी दाखवणार?" पुढं भरतीत कागदपत्रांची पडताळणी होते, तेव्हा अनुभवाचा दाखला आणि बी.एड.ची वर्षं शेजारी-शेजारी ठेवली जातात. दिवसपाळीची पूर्णवेळ नोकरी आणि नियमित बी.एड. एकाच तारखांना दिसलं की प्रश्न येतो, आणि त्याला उत्तर नसतं. शिवाय एकही पाठ न घेता चाळीस पोरांपुढं उभं राहायचं, ती शिक्षा वेगळीच.

हजेरीचा हिशेब

कागद-पेन घ्या. एनसीटीईच्या नियमात वर्षाला किमान २०० कामाचे दिवस धरले आहेत, प्रवेश आणि परीक्षेचे दिवस सोडून. आठवड्याला किमान ३६ तास. तासिका आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते, शाळेतल्या आंतरवासितेला, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाला, ९० टक्के. दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत काढायचे, साधारण चार पहिल्या वर्षी आणि सोळा दुसऱ्या वर्षी.

म्हणजे २०० दिवसांत तुमच्या हातात ४० दिवस मोकळे. बरे वाटतात, पण त्यातच आजारपण, घरातलं लग्न, मुलाचा ताप, गावची जत्रा, सगळं बसवायचं. सोळा आठवड्यांच्या आंतरवासितेत तर सहा दिवसांचा आठवडा धरून ९६ दिवस होतात आणि चुकवायची मुभा नऊ दिवसांची. तुमची नोकरी या आकड्यांत बसते का, एवढंच बघायचं. न बसणारी नोकरी बसवण्याच्या नादात माणसं दोन्हीकडून जातात.

कोणती बसते? सकाळी दहा-साडेदहापर्यंत संपणारी किंवा संध्याकाळी सुरू होणारी. रात्रपाळी. संध्याकाळचे क्लासेस. घरून करायचं हिशेबाचं, भाषांतराचं काम. हंगामी काम, माझ्यासारखं. नऊ ते सहाची नोकरी बसत नाही. तिच्यात बदल करून घ्यावा लागतो किंवा रजा.

सरकारी नोकरीत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. ती हक्काची नसते, मंजूर करून घ्यावी लागते, आणि परवानगी प्रवेश घेण्याच्या आधी मागायची असते. आधी प्रवेश आणि मग अर्ज, असा उलटा कारभार केला की कार्यालयातला बाबू तुम्हाला आयुष्यभर ऐकवतो.

साहेबांशी बोलणं

कारखान्यात तीन पाळ्या: पहाटे चार ते दुपारी बारा, बारा ते रात्री आठ, आठ ते पहाटे चार. पाळ्या आठवड्यानं बदलत. मला हंगामभर रात्री आठची पाळी हवी होती. इतरांना ती नकोच असते, त्यामुळं मागणी विचित्र असली तरी अशक्य नव्हती.

मी चीफ केमिस्ट साहेबांकडे गेलो ते जुलैमध्ये, मशिनरी ओव्हरहॉलिंगला उघडलेली असताना, हंगामाला तीन-चार महिने असताना. ही वेळ महत्त्वाची. ऐन गाळपात गेलो असतो तर त्यांनी हाकललं असतं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर होतोस तर हो बाबा, पण माझा ब्रिक्स चुकवू नकोस." ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, प्रमाणाचा आकडा.

तुम्हीही असंच करा. सुट्टी मागू नका, वेळ बदलून मागा. तुमची अडचण सांगण्याआधी त्यांची कोणती अडचण तुमच्यामुळं सुटते ते सांगा. आणि होकार मिळाला की तो कागदावर घ्या: अमुक तारखेपासून अमुक पाळी, अमुक वेळ. शिक्का मारून. हाच कागद पुढं पडताळणीत उपयोगी पडतो, कारण त्यात दिसतं की कॉलेजच्या वेळेत तुम्ही कामावर नव्हतात. मी तो जन्मपत्रिकेसारखा जपून ठेवला, लॅमिनेशन मात्र केलं नाही. लॅमिनेशन केलेली मूळ कागदपत्रं काही ठिकाणी नाक मुरडून बघतात.

सीईटी, कॅप आणि गॅप

नियमित बी.एड.साठी राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पदवीला खुल्या वर्गाला ५० टक्के, राज्यातल्या मागासवर्गीयांना ४५ टक्के. अभियंत्यांना ५५ टक्के लागतात. परीक्षा संगणकावर, १०० प्रश्न, दीड तास: बुद्धिमत्ता ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळं एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजात जायचं असेल तर इंग्रजीचा वेगळा पेपर, त्याला ईएलसीटी म्हणतात, तोही फॉर्म भरतानाच निवडावा लागतो. नंतर आठवलं तर वर्ष गेलं.

तयारी? नोकरी करणाऱ्याला दोन महिने, रोज तासभर पुरतो. बुद्धिमत्तेच्या चाळीस प्रश्नांवर जोर द्या, कारण तिथं सरावानं वेग वाढतो. सामान्य ज्ञानाला अंत नाही, त्यात बुडू नका. शिक्षक अभियोग्यतेच्या प्रश्नांत चार पर्यायांतला मुलाला अपमानित न करणारा पर्याय शोधा. बहुतेक वेळा तोच बरोबर असतो.

परीक्षा साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास, अर्ज त्याआधी. मग कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्या, आणि त्या पावसाळाभर रेंगाळतात. कॉलेजचा पसंतीक्रम भरताना लोक नाव बघतात. नोकरी करणाऱ्यानं अंतर बघावं. घर, नोकरी आणि कॉलेज यांचा त्रिकोण कागदावर काढा. त्याच्या तिन्ही बाजू एसटीनं किंवा लोकलनं किती वेळाच्या, ते लिहा. माझा त्रिकोण लहान होता, म्हणून मी तरलो. शिवाय कॉलेजला एनसीटीईच्या पश्चिम विभागीय समितीची मान्यता चालू आहे ना, ते आधी बघून घ्या.

कागदपत्रांत दहावीपासूनच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, लागू असेल तर जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर. जात वैधतेला वेळ लागतो, बी.एड.चा विचार मनात आला त्याच आठवड्यात ते प्रकरण तपासा. आणि आपल्यासारख्या परत फिरलेल्यांसाठी खास कागद म्हणजे गॅप सर्टिफिकेट. पदवीनंतर मधली वर्षं काय करत होतो, याचं प्रतिज्ञापत्र. माझी मधली नऊ वर्षं दोन ओळींत मावली, ते वाचून जरा विचित्र वाटलं.

मेथड निवडताना

प्रवेश झाला की अध्यापन पद्धती निवडायची. सगळे तिला 'मेथड'च म्हणतात. पदवीला जो विषय होता त्याची मेथड घ्या, 'सोपी आहे' म्हणून दुसरी घेऊ नका. भरतीत पद विषयवार निघतं, आणि पदवीचा विषय आणि मेथड जुळली तर बोलायला जागा राहत नाही. विज्ञानवाल्यांनी जमल्यास जोडीला गणित घ्यावं. दोन्ही शिकवू शकणारा माणूस लहान शाळेला हवाच असतो.

पहिल्या महिन्यात भाषेचा एक धक्का बसेल. 'अध्ययन' म्हणजे शिकणं आणि 'अध्यापन' म्हणजे शिकवणं. इतकी वर्षं आपण दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरत असतो. पियाजे, वायगॉट्स्की, ब्लूम ही नावं रोज कानावर पडतील. घाबरू नका, परीक्षेआधी ती घरच्यांसारखी ओळखीची होतात. ज्याला कामाचा अनुभव आहे त्याला हा भाग खरं तर सोपा जातो. नवा माणूस कामावर कसा शिकतो हे आपण पाहिलेलं असतं, इथं त्याला फक्त नाव मिळतं.

पाठ, आणि पाठाचं टाचण

बी.एड.चा जीव पाठांत, म्हणजे शिकवण्याच्या सरावाच्या तासांत आहे. टाचण म्हणजे त्या पाठाचा लेखी आराखडा. आधी सूक्ष्म अध्यापन. एकच कौशल्य, सहा मिनिटांचा पाठ, समोर विद्यार्थी म्हणून आपलेच सहाध्यायी. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं प्रत्याभरण (म्हणजे फीडबॅक), बारा मिनिटांत टाचण दुरुस्त करायचं, पुन्हा सहा मिनिटं शिकवायचं, पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण. सगळं चक्र ३६ मिनिटांचं.

माझा पहिला पाठ प्रस्तावना कौशल्याचा होता. विषय: द्रावण. काचेच्या पेल्यात पाणी, चिमूटभर साखर. साखरेच्या कारखान्यातला माणूस, मला वाटलं हा तर आपला हातचा मळ. भराभर प्रश्न विचारत सुटलो. चहा पिता का? गोड लागतो का? साखर दिसते का? मागं बसलेल्या मैत्रिणीनं निरीक्षणाच्या तक्त्यावर रेघा मारल्या होत्या: सहा मिनिटांत चौदा प्रश्न, त्यातले नऊ हो-नाहीचे. आमच्या मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, ही प्रस्तावना झाली की उलटतपासणी? एक प्रश्न विचारा आणि गप्प उभे राहा." दुसऱ्या फेरीत मी साखर टाकली, ढवळली, पेला उंच धरला आणि विचारलं, "गेली कुठं?" मग थांबलो. ती चार-पाच सेकंदांची शांतता सहन करायला मला पुढं वर्ष लागलं.

टाचण लिहिताना नवख्यांची हमखास चूक होते ती उद्दिष्टांच्या रकान्यात. आपण लिहितो, "द्रावण ही संकल्पना समजावून देणे." हे शिक्षकाचं काम झालं. स्पष्टीकरणात वाक्य मुलाच्या बाजूनं येतं: "विद्यार्थी दैनंदिन जीवनातील द्रावणांची उदाहरणे सांगतो." कर्ता विद्यार्थी, क्रियापद डोळ्यांना दिसणारं. 'समजतो' चालत नाही, कारण समजलेलं दिसत नाही. हे एकदा बोटात बसलं की टाचण पाऊण तासात होतं. आधी तीन तास लागतात.

नोकरी करणाऱ्यांसाठी सगळ्यात उपयोगी सवय: टाचणं साचू देऊ नका. आज ठरलेला पाठ, आजच कच्चं टाचण, मार्गदर्शकांची सही उद्या. लॅबमध्ये रात्री दोननंतर नमुन्यांच्या मधल्या वेळात मी कच्ची टाचणं लिहिली. त्या वहीच्या दोन पानांवर मळीचे डाग आहेत. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सगळ्या वह्या एकदम लिहिणारे दर वर्षी असतात. त्यांचे डोळे लांबूनही ओळखू येतात.

फळ्याचा सराव वेगळा करा. माझं अक्षर कागदावर बरं आणि फळ्यावर उजवीकडं चढत जाणारं. तासिका संपल्यावर रिकाम्या वर्गात रोज दहा ओळी लिहिल्या, महिन्याभरात ओळ सरळ झाली.

आंतरवासिता: इथं नोकरी बाजूला ठेवा

दुसऱ्या वर्षीची आंतरवासिता दिवाळीनंतर आली, म्हणजे ऐन गाळपात. शाळा अकरा ते पाच, पाळी रात्री आठ ते पहाटे चार. झोप पहाटे पाच ते साडेनऊ आणि संध्याकाळी जमेल तेवढी. तीन आठवडे रेटलं. चौथ्या आठवड्यात सहाध्यायी मुलीच्या पाठाचं निरीक्षण करायला मागच्या बाकावर बसलो आणि झोपलो. जागा झालो तेव्हा आठवीतला एक पोरगा माझी खाली पडलेली वही धरून उभा होता. "सर, तुमचा तक्ता कोराच आहे," म्हणाला. तो तक्ता मी नंतर अंदाजानं भरला, हे आजही खटकतं.

त्या शनिवारी साहेबांकडं गेलो आणि हंगाम संपेपर्यंत बिनपगारी रजा घेतली. ती मी पहिल्याच दिवसापासून घ्यायला हवी होती. तुम्हाला सांगतो, दोन वर्षांतले बाकीचे महिने काहीही कसरत करा, पण हे सोळा आठवडे मोकळे ठेवा. त्यासाठी लागणारे पैसे आधीच्या वर्षी बाजूला टाका. पगार बुडतो म्हणून आंतरवासिता अर्धवट झोपेत काढणं म्हणजे गुऱ्हाळात जाऊन रस न पिता परत येणं.

कारण खरं शिकणं तिथंच होतं. साहेबांच्या परवानगीनं मी लॅबचा हँड रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसाचा ब्रिक्स मोजायचं हातात मावणारं उपकरण, शाळेत नेला. मुलांना सांगितलं, उद्या येताना उसाचं कांडं आणा, एक बुडख्याकडचं, एक शेंड्याकडचं. निम्मा वर्ग ऊसवाल्यांचा. दुसऱ्या दिवशी वर्गात उसाचा ढीग आणि फरशीवर चोथा. रसाचा थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडं धरून आकडा वाचायचा. बुडख्याला २१, शेंड्याला १४. जी मुलगी तोवर तोंड उघडत नव्हती ती म्हणाली, "म्हणून आज्जा शेंडा बैलाला टाकतो होय." पुढची पंधरा मिनिटं मला काही शिकवावंच लागलं नाही. मुख्याध्यापक दारात येऊन चोथ्याकडं बघून गेले, काही बोलले नाहीत. शिपाईमामा मात्र बोलले. वर्ग मी झाडला.

तुम्ही ज्या कामातून आलात त्यातली एखादी वस्तू वर्गात न्या. बँकेतल्यानं पासबुक न्यावं, मेडिकलवाल्यानं गोळ्यांच्या पट्टीवरचं लेबल. विशीतल्या सहाध्यायांकडं हे भांडवल नसतं, आपल्याकडं असतं.

पैसे

फार लांबवत नाही. खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, प्रत्येक कॉलेजची वेगळी. ती बघूनच पसंतीक्रम भरा. शासकीय आणि अनुदानित कॉलेजांत फी बरीच कमी, म्हणून तिथं चुरस. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्त्या आहेत, पण त्यांना कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा असते आणि तुमचा पगार त्यात मोजला जातो. उत्पन्नाचा दाखला काढण्याआधी हे ताडून बघा. ठरलेल्या फीपलीकडं गणवेश, सहल, वह्या, असं काहीतरी निघतंच. आमच्याकडंही निघालं. पावती मागा. पावती मागितली की निम्म्या गोष्टी ऐच्छिक होतात.

टीईटी वेगळी, टेट वेगळी

शेवटच्या सत्रात या दोन नावांचा घोळ सगळ्यांचाच होतो. टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. दीडशे प्रश्न, अडीच तास, खुल्या वर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण. एकदा उत्तीर्ण झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. केंद्राची सीटीईटीही अशीच, ती सीबीएसई घेतं. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तर सेवेतल्या जुन्या शिक्षकांनाही टीईटीला बसावं लागतंय, त्यामुळं नववी-दहावीच डोक्यात असली तरी पेपर दोन देऊन टाका.

टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. दोनशे प्रश्न, दोन तास. हिच्या गुणांवर 'पवित्र' या राज्याच्या शिक्षक भरती पोर्टलमार्फत भरती होते. पहिली झाली डिसेंबर २०१७ मध्ये. तेव्हा मी पहिल्या वर्षाला होतो. पुढची आली ती थेट २०२३ मध्ये, तेव्हा मी ३७ वर्षांचा. मधली वर्षं विनाअनुदानित शाळेत शिकवलं आणि शाळा सुटल्यावर क्लास घेतले. त्यानंतरची टेट २०२५ मध्ये झाली आणि तिला शेवटच्या वर्षातल्या छात्राध्यापकांनाही बसता आलं. तेव्हा जाहिरात निघाली की "अजून निकाल लागला नाही" म्हणून मागं राहू नका, अटी वाचा आणि अर्ज करा. पुढची कधी निघेल, याचा भरवसा नसतो.

निवड झाल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. २०२३ पासून माध्यमिकला मानधन महिना १८,००० रुपये, प्राथमिकला १६,०००, उच्च माध्यमिकला २०,०००. आजच्या नोकरीत यापेक्षा जास्त मिळत असेल तर घरच्यांसमोर हा आकडा आत्ताच मांडा, नेमणुकीचं पत्र आल्यावर नको. मी आमच्या घरी तो दिवाळीच्या फराळावर सांगितला. बायकोनं वहीत हप्ते, दूध, गॅस, पोराची फी असं सगळं लिहिलं, बेरीज केली आणि म्हणाली, "क्लास चालूच ठेवावे लागतील." ते आजही चालू आहेत, दोन वर्गांचे, फक्त शनिवार-रविवार.

एक वर्षाच्या बी.एड.ची चर्चा तुम्ही ऐकली असेल. एनसीटीईनं २०२५ च्या सुरुवातीला तसा मसुदा काढला होता, चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठी. त्याची वाट बघत दोन-तीन वर्षं थांबलेली माणसं मला माहीत आहेत. तीन वर्षांची पदवी असेल तर तो मसुदा तुमच्यासाठी नव्हताच.

आणि पाठांच्या वह्या रद्दीत घालू नका. पवित्रमधून मुलाखतीसह भरती करणाऱ्या संस्था प्रत्यक्ष पाठ घ्यायला लावतात, खासगी शाळाही लावतात. मला एका ठिकाणी आयत्या वेळी 'द्रावण' हाच घटक दिला. मी टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला आणि चहासोबत आणलेल्या साखरेतली चमचाभर त्यात घातली.